गिटारचा ट्रेबल वाटेत मरतो तेव्हा: डीआय, बफर, शिल्डिंग आणि ट्रेबल ब्लीड बसवण्याचा क्रम

गणपती जवळ आले की बेळगावातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी गिटारी उघडायला लागतात. घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर खणखणीत वाजणारी गिटार मांडवात गेली की घोंगडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. कोणीतरी सांगतं, 'ट्रेबल ब्लीड टाक', म्हणजे व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल (वरचा, चमकदार आवाज) टिकवणारा छोटा भाग. तो टाकला जातो, फरक पडत नाही. मग पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबक-कॉइल) बदलला जातो, मग ईक्यू पेडल येतं. आणि एवढं सगळं होईपर्यंत दहा मीटरची तीच स्वस्त केबल थेट मिक्सरमध्ये घुसलेली असते.

डीआय (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये बसणारी डबी), बफर (पिकअपवरचा लोड हलका करणारं छोटं सर्किट), शिल्डिंग (घूं अडवणारं तांब्याचं अस्तर) आणि ट्रेबल ब्लीड हे भाग सगळे कामाचे आहेत, पण बसवण्याचा क्रम बहुतेक जण उलटा धरतात. काम स्पीकरच्या टोकाकडून सुरू करून गिटारकडे यायचं. गिटारच्या आत बसणाऱ्या भागांची व्हॅल्यू बाहेर किती लोड आहे त्यावर ठरते. बाहेरचं नंतर बदललंत की आतलं पुन्हा उघडावं लागतं. ट्रेबल ब्लीड म्हणूनच शेवटी येतो.

खाली लिहिलेलं सगळं पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या पिकअपसाठी आहे. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर पिकअप अ‍ॅक्टिव्ह आहे. त्याचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टर) साधारण २५ किलोओहमचे असतात आणि लांब केबलचा त्याला फारसा त्रास होत नाही. अशा गिटारवाल्यांनी टप्पा ३ आणि टप्पा ५ मधला पॉवरचा भाग वाचावा, बाकीचं सोडून द्यावं.

टप्पा १: निदान

स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. एकच रिफ चार प्रकारे वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल एकाच जागी ठेवा.

१. गिटार, ३ मीटरची केबल, थेट अ‍ॅम्प. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही १० वर. हा आपला मूळ टोन.
२. तेच सगळं, फक्त व्हॉल्यूम ६ वर.
३. पूर्ण पेडलबोर्ड मध्ये घालून, सगळी पेडल्स बंद.
४. स्टेजवर जसं लावता तसं, मिक्सरमध्ये.

पहिलाच आवाज बसका असेल तर आधी तारा बदला, मग पिकअपची उंची बघा. जुन्या तारांवर कोणतंही सर्किट चालत नाही. दुसऱ्यातच ट्रेबल जातो आणि पहिल्यात ठीक आहे, तर ट्रेबल ब्लीडचा उपयोग होईल. तिसऱ्यात जातो तर बफर हवा. चौथ्यात जातो तर डीआय.

> इशारा: ट्रेबल ब्लीड व्हॉल्यूम १० वर काहीच करत नाही. तो पॉटच्या ज्या दोन टोकांमध्ये बसतो ती त्या वेळी आपसात जोडलेलीच असतात. फुल व्हॉल्यूमवर बसका आवाज येत असेल तर ट्रेबल ब्लीडचे पैसे वाचवा.

टप्पा २: तयारी

सामान थोडं आहे. मल्टिमीटर शक्यतो कॅपॅसिटन्स मोजणारा घ्या. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न लग (पॉटचे जोडणीचे पाय) आणि वायरीला पुरते. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला ४० ते ६० वॅटची लागते, कारण तो पत्रा उष्णता खाऊन टाकतो. २५ वॅटची टेकवून मिनिटभर धरून बसलात तर डाग बसत नाही आणि आतला कार्बनचा ट्रॅक मात्र भाजतो. सोल्डर ६०/४० रोझिन कोअरचं. पत्र्याच्या कामाचा अ‍ॅसिडवाला फ्लक्स अजिबात नको, वर्षभरात सांधे हिरवे पडतात.

कॅपॅसिटर आणि रेझिस्टर बेळगावात काय, निपाणीत काय, रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात मिळतात. जुन्या मेकॅनिककडे 'कंडेन्सर' म्हणून मागा आणि कोड सांगा: १०२ म्हणजे १००० पिकोफॅरड, ६८१ म्हणजे ६८०, २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७. पॉटच्या बाबतीत मात्र दुकानदार २५० किलोओहमच्या जागी २२० आणि ५०० च्या जागी ४७० काढून देतो. घ्या, चालतात; पॉटची स्वतःचीच चूकभूल याहून जास्त असते. तांब्याची टेप आणि मोठ्या अंगाचे पॉट बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. मागवण्याआधी भोक मोजा. स्वस्त गिटारींत १६ मिलिमीटरचे बारके पॉट असतात आणि त्यांचं भोक मोठ्या पॉटच्या साडेनऊ मिलिमीटरच्या बुशला अरुंद पडतं.

गिटार उघडाल तेव्हा आधी फोटो काढा, चारही बाजूंनी. आकृती काढली असेल तरी काढा.

टप्पा ३: मिक्सरकडचं टोक

मांडवात बहुतेक वेळा अ‍ॅम्प नसतो. साउंडवाले अण्णा स्टेजबॉक्समधून एक वायर काढून हातात देतात, 'लाव' म्हणतात. ती वायर मिक्सरच्या लाइन इनपुटला जाते आणि त्या इनपुटची इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध; कमी असेल तेवढा लोड जड) असते १० ते २० किलोओहम. गिटार अ‍ॅम्पची असते १ मेगाओहम, म्हणजे पन्नास ते शंभर पट. पॅसिव्ह पिकअपला एवढा जड लोड दिला की वरचा आवाज आधी मरतो आणि व्हॉल्यूमही पडतो.

उपाय: अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स. त्याची इनपुट इम्पीडन्स १ मेगाओहमच्या आसपास असलेली बघून घ्या. पॅसिव्ह डीआय कीबोर्डला उत्तम, पण गिटार थेट लावली तर पिकअपवर लोड टाकतोच. काही मिक्सरला पहिल्या चॅनेलवर 'हाय-झी' बटण असतं. ते असेल आणि केबल आखूड असेल तर डीआयशिवायही निभावतं. शेवटचं पेडल बफरवालं असेल तरी काम चालतं, त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

तपासणी: डीआय लावून निदानाची चौथी चाचणी पुन्हा करा. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार इथेच मिटते, असं माझं मत आहे.

> इशारा, आणि हा वगळू नका: जनरेटरवर चाललेल्या स्टेजवर गायच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ७५० रेंजवर ठेवा. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. त्याहून जास्त दिसले तर माइकला ओठ लावू नका, अण्णांना अर्थिंग बघायला सांगा. घूं-घूं थांबवण्यासाठी थ्री-पिनची अर्थ पिन कापणं किंवा टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावणं हा जीवघेणा प्रकार आहे. त्यासाठी डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट' बटण असतं. ते फक्त ऑडिओ वायरीचा अर्थ तोडतं, मेन्सचा नाही.

टप्पा ४: केबल

केबल म्हणजे न मागता मिळालेला कॅपॅसिटर. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा; चांगल्या केबलीत ६० ते ९०, स्वस्तात १५० किंवा वर. पिकअपची कॉइल आणि हा कॅपॅसिटर मिळून एक शिखर तयार करतात आणि त्या शिखरावर गिटारची चमक असते. सिंगल कॉइलची इंडक्टन्स अडीच हेन्री धरली तर ५०० पिकोफॅरडला ते शिखर साडेचार किलोहर्ट्झला येतं. १००० ला तेच ३.२ किलोहर्ट्झवर उतरतं. केबल लांब झाली की आवाज 'जाड' का होतो, ते यातच आलं.

मोजायला सोपं आहे. केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवा, मल्टिमीटर कॅपॅसिटन्सवर ठेवून एका पिनेच्या टिप (टोक) आणि स्लीव्हवर (दांडा) प्रोब धरा. ०.५ नॅनोफॅरड म्हणजे ५०० पिकोफॅरड.

नेहमीच्या चुका:

- स्पीकरची वायर गिटारला लावणं. तिला शिल्डच नसतं, घूं येणारच.
- माइकच्या दोन कोअरच्या वायरीला मोनो पिना लावताना दोन्ही कोअर एकत्र करणं. यात कॅपॅसिटन्स वाढते. एकच कोअर टिपला द्या.
- घडीची, स्प्रिंगसारखी केबल हौसेने घेणं. दिसायला छान, पण ताणल्यावर ३ मीटर होणाऱ्या केबलीत वायर त्याहून कितीतरी जास्त असते.

इथे एक केबल निवडा आणि यापुढचं सगळं काम तीच लावून करा. हे महत्त्वाचं आहे.

टप्पा ५: बफर

ट्रू बायपास पेडल, म्हणजे बंद असताना सर्किट पूर्ण बाजूला ठेवणारं पेडल, बंद असलं की ते नुसतं वायरीचा तुकडा असतं. पाच मीटर गिटारची केबल, दोन मीटर पॅच, पुढे सहा मीटर अ‍ॅम्पपर्यंत: पिकअपच्या डोक्यावर तेरा मीटर, १३०० पिकोफॅरड. वरचाच हिशेब लावला तर शिखर २.८ किलोहर्ट्झवर येतं. पहिल्याच जागी बफर बसवला की पिकअपला फक्त पहिले पाच मीटर दिसतात. बफर आवाज वाढवत नाही. समोरच्या पिकअपला हलका लोड दाखवतो आणि मागची लांब वायर स्वतःच्या ताकदीने ओढतो.

बॉसची बहुतेक पेडल्स बंद असतानाही बफरचं काम करतात. तसं एखादं पेडल रांगेत आधीच असेल तर ते पुढे आणा, पैसे घालवू नका.

घरी करायचा असेल तर टीएल०७२ आयसीवर होतो, आठ पायांचा आणि स्वस्त:

१. ९ व्होल्ट आत येतात तिथे आधी १एन४००७ डायोड मालिकेत. उलटा अ‍ॅडॉप्टर लावला तरी आयसी वाचतो.
२. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये. मधल्या बिंदूपासून ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. इथे निम्मे व्होल्ट मिळतात.
३. पाय ८ ला पॉझिटिव्ह, पाय ४ ला ग्राउंड, दोघांमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, आयसीला चिकटून.
४. इनपुट जॅकपासून ४७३ चा कॅपॅसिटर पाय ३ ला. पाय ३ पासून १ मेगाओहम त्या मधल्या बिंदूला. जॅकवर २.२ मेगाओहम ग्राउंडला, म्हणजे स्विच दाबल्यावर 'टक्' येत नाही.
५. पाय १ आणि २ एकमेकांना जोडा. पाय १ पासून १० मायक्रोफॅरड, पॉझिटिव्ह टोक आयसीकडे. त्यापुढे १ किलोओहम, मग आउटपुट जॅक. जॅकवर १०० किलोओहम ग्राउंडला.
६. उरलेला अर्धा आयसी मोकळा सोडू नका. पाय ६ आणि ७ जोडा, पाय ५ मधल्या बिंदूला.

सगळं पत्र्याच्या डबीत. प्लॅस्टिकच्या डबीत रेडिओ ऐकू येतो.

तपासणी: आयसी बसवण्याआधी सॉकेटमध्ये पाय ८ वर साडेआठच्या आसपास आणि मधल्या बिंदूवर त्याच्या निम्मे व्होल्ट मिळायला हवेत. आयसी घातल्यावर पाय १ वर पण तेच निम्मे दिसायला हवेत. पाय १ वर शून्य किंवा पूर्ण व्होल्ट दिसले तर पाय ३ चा १ मेगाओहम बघा, बहुतेक डाग कोरडा असतो.

> इशारा: जुन्या पद्धतीच्या फझ पेडलच्या आधी बफर नको. त्या सर्किटला थेट पिकअप हवा असतो. मध्ये बफर आला की आवाज करकरीत होतो आणि व्हॉल्यूम कमी करून तो स्वच्छही होत नाही. गिटार, फझ, मग बफर. काही वाह पेडल्सचंही असंच.

पॉवरबद्दल थोडक्यात: बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आत निगेटिव्ह असतो. मल्टिमीटरचा लाल प्रोब पिनच्या आत, काळा बाहेर. उणे ९ दिसलं की बरोबर. बाजारातले साधे ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर लोडशिवाय १२ च्या वर जातात, ते नकोत. डिजिटल डीले आणि अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह एकाच माळेवर लावले की बारीक किंकाळी येते. सुटे आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय हाच त्यावरचा इलाज.

टप्पा ६: अर्थ आणि शिल्डिंग

आता गिटार उघडायची. पण आधी घूं कोणती आहे ते ओळखा, कारण शिल्डिंग सगळ्या घूंवर चालत नाही.

तारांना हात लावला की घूं कमी होते: शिल्डिंगने फरक पडेल. जागेवर उभं राहून गिटार ९० अंशांत फिरवली की घूं कमी-जास्त होते: ती चुंबकीय आहे, ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरमधून सिंगल कॉइल ती पकडते आणि तांब्याची टेप तिला अडवत नाही. त्यावर इलाज म्हणजे हमबकर (घूं मारणारा दोन कॉइलचा पिकअप) किंवा जागा बदलणं. मांडवातल्या एलईडी माळांच्या ड्रायव्हरपासून दोन हात लांब उभं राहिलात तरी खूप फरक पडतो, आणि हे फुकट आहे.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक प्रोब ब्रिजला, दुसरा जॅकच्या स्लीव्हला धरा. एक-दोन ओहमपेक्षा जास्त आलं तर ब्रिजखालची अर्थ वायर सुटली आहे. ती जोडल्यावर शिल्डिंगची गरज उरली का ते बघा. बरेचदा उरत नाही.

टेप लावायची झाली तर पॉट आणि स्विच बाहेर काढा, खाचा कोरड्या कापडाने पुसा, तळ आधी आणि भिंती नंतर लावा, कडा थोड्या एकावर एक येऊ द्या. टेपचा गोंद वीज वाहतो असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी दोन पट्ट्यांमध्ये मीटर लावून बघा. वाहत नसेल तर प्रत्येक सांध्यावर डागाचा एक थेंब. शेवटी खाचेतून एक वायर पॉटच्या पाठीला.

> इशारा: प्लेट उघडी असताना आवाज येतो, बंद केली की गायब, याचा अर्थ जॅकची टिपची पत्ती टेपला टेकते आहे. केबल घातली की ती पत्ती बाहेर सरकते, म्हणून रिकाम्या जॅकवर हे दिसत नाही. त्या जागी दोन थर कागदी टेप चिकटवा.

टप्पा ७: ट्रेबल ब्लीड

व्हॉल्यूम कमी केला की ट्रेबल का जातो? पॉट निम्म्यावर आला की सिग्नलच्या वाटेत रेझिस्टन्स येतो, आणि तो केबलच्या कॅपॅसिटन्सबरोबर मिळून वरचा आवाज कापतो. २५० चा पॉट विजेच्या हिशेबाने बरोबर मध्यावर असताना त्याची आउटपुट इम्पीडन्स ६२ किलोओहम होते. केबल १००० पिकोफॅरडची असेल तर कापणी अडीच किलोहर्ट्झपासून सुरू होते. ५०० च्या पॉटला ती तेराशेच्याही खाली येते. हमबकरवाल्यांची तक्रार जास्त असते ती यामुळे. आणि यातच उत्तर आहे की केबल आणि बफर आधी का नक्की करायचे: ब्लीडची व्हॅल्यू त्या लोडवर जुळवली जाते. आधी ब्लीड बसवून नंतर बफर लावला की व्हॉल्यूम कमी करताच गिटार कर्कश होते, आणि दोष बफरला दिला जातो.

व्हॉल्यूम पॉटला तीन लग असतात. एक पाठीवर वाकवून ग्राउंड केलेला. एकावर पिकअप किंवा स्विचची वायर. तिसरा, बहुधा मधला, जॅककडे जातो. ट्रेबल ब्लीड पिकअपचा लग आणि जॅककडचा लग यांच्यामध्ये बसतो. ग्राउंडच्या लगला त्याचा संबंध नाही.

तीन प्रकार चालतात:

- नुसता कॅपॅसिटर: ६८१ किंवा १०२. सर्वांत सोपा, पण व्हॉल्यूम २-३ वर आला की आवाज पातळ आणि चिरका.
- कॅपॅसिटर आणि रेझिस्टर समांतर: १०२ आणि १५० किलोओहम. आवाजाचा समतोल चांगला, पण पॉटची चाल बदलते. व्हॉल्यूम सावकाश उतरतो. करंगळीने व्हॉल्यूम फुगवून वाजवणाऱ्यांना हे आवडत नाही.
- मालिकेत: १२२, म्हणजे १२०० पिकोफॅरड, आणि १३० किलोओहम. चाल जवळपास तशीच राहते, ट्रेबल बेताचा सुटतो. स्टेजवर व्हॉल्यूम सतत हलवणाऱ्याला मी हाच सुचवेन.

लगेच सोल्डर करू नका. दोन्ही लगना क्रोकोडाइल क्लिपच्या आखूड वायरी लावून त्या खाचेबाहेर काढा. गिटार तारा लावून वाजवण्याजोगी ठेवा आणि बाहेरच्या टोकांवर भाग बदलत जा. ऐकताना १० ऐवजी ७ आणि ४ वर ऐका. सातवर मूळ टोनच्या जवळ वाटला आणि चारवर कानाला टोचला नाही, की ती व्हॅल्यू तुमची. चारवर टोचत असेल तर कॅपॅसिटर एक पायरी खाली, १०२ वरून ६८१.

मगच डाग द्या. भागाचे पाय आखूड कापा, उघड्या पायांवर स्लीव्ह चढवा. लगवर आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका. डाग चकचकीत आणि उताराचा दिसला पाहिजे. गोळी होऊन बसला असेल तर पुन्हा तापवा.

तपासणी: व्हॉल्यूम शून्यावर पूर्ण शांतता हवी. बारीक आवाज येत असेल तर भाग चुकीच्या लगवर आहे किंवा ग्राउंडचा लग सुटला आहे. व्हॉल्यूम १० वरचा आवाज पहिल्या रेकॉर्डिंगशी जुळवा. तिथे फरक ऐकू आला तर पायांचा कुठेतरी स्पर्श होतो आहे.

काहीच विकत न घेता करून बघण्यासारखं: टोन कंट्रोलची वायर पिकअपच्या लगवरून काढून जॅककडच्या लगवर लावा. पन्नासच्या दशकातल्या वायरिंगची ही रीत. व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल बराच टिकतो. टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांवर थोडा परिणाम करतात, ते पटलं तर ब्लीडची गरजच नाही. दोन्ही एकत्र करू नका.

टप्पा ८: टोनचा कॅपॅसिटर

इथे फार वेळ घालवू नका. सिंगल कॉइलला ४७३, हमबकरला २२३ ही नेहमीची जोडी. टोन १० वर ठेवून वाजवणाऱ्याला व्हॅल्यू बदलून काही ऐकू येत नाही. कॅपॅसिटर जुना, महागडा, तेलात बुडवलेला आहे की दुकानातला हिरवा पॉलिस्टर, यानेही फरक पडत नाही. व्हॅल्यू सारखी असली की आवाज सारखा. टोन फिरवताच आवाज एकदम मातीत जात असेल तर ४७३ च्या जागी २२३ लावा, किंवा लिनिअर पॉट असेल तर ऑडिओ टेपरचा घाला. पॉटवर 'ए' म्हणजे ऑडिओ, 'बी' म्हणजे लिनिअर. स्वस्त गिटारींत सर्रास 'बी ५०० के' असतो.

पावसाळ्यात

जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण शहरातही जूनपासून सप्टेंबरपर्यंत जॅक आणि पॉट काळे पडतात. खरखर आली की पॉट बदलू नका. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत एक फवारा मारा आणि गोल फिरवत राहा. गंजाचा साधा स्प्रे नको, तो तेलकट थर सोडतो आणि धूळ धरतो. जॅकमध्ये केबलची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. तरीही आवाज तुटत असेल तर जॅकची पत्ती सैल आहे: केबल काढून ती नाकपक्कडने किंचित आत वाकवा आणि गिटार बॅगेत ठेवताना केबल कायम बाहेर काढून ठेवा.